कर्ता कोण? हिमघळीतल्या एकट्या चढाईचे गद्य

गिर्यारोहणाच्या लेखनाला दोराच्या दुसऱ्या टोकावरचा माणूस फार उपयोगी पडतो. लेखकाने काही वाढवून लिहिले, तर ते खोडायला तो असतो. भर हिवाळ्यात बर्फाने भरलेली घळ एकट्याने चढणाऱ्याला असा सोबती नसतो. मग त्याच्या कथनावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? माझ्या मते वाक्याचा कर्ता तपासावा.

स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस (१,३४५ मीटर) आणि आसपासच्या पर्वतांतील घळींनी या लेखनाची मोठी परंपरा घडवली. डब्ल्यू. एच. मरे यांचे ‘माउंटेनिअरिंग इन स्कॉटलंड’ १९४७ साली आले. महायुद्धात कैदेत असताना त्यांनी ते शौचालयाच्या कागदावर लिहिले होते. गेस्टापोने ते हस्तलिखित हिरावले, तेव्हा त्यांनी सारे पुन्हा आठवून लिहिले. लेखन एकट्याचे, पण त्यातल्या चढाया बहुतांशी सोबत्यांबरोबरच्या. त्यामुळे पुस्तकात प्रथमपुरुषी अनेकवचन सहज येते. मराठीत ते आणताना मात्र ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावे लागते. ‘आम्ही’ म्हटले की वाचक पायथ्याशी राहतो. ‘आपण’ म्हटले की तो दोराला बांधला जातो. एकट्याच्या कथनात हे दोन्ही पर्याय संपतात. उरतो फक्त ‘मी’.

टॉम पेटी यांनी १९६९ साली क्रेग मेगीच्या हिमाच्छादित कड्यावरून, वाटेतल्या घळी ओलांडत, सुमारे ८,००० फुटांची आडवी चाल एकट्याने केली. ‘वन मॅन्स माउंटन्स’ हा त्यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१मध्ये निघाला. पेटींची थट्टा प्रसिद्ध आहे, पण तिचे काम करमणुकीपुरते नाही. तिचा रोख स्वतःवरही असतो, म्हणून फजितीचा कर्ता लपत नाही. साक्षीदार नसताना लेखक स्वतःविरुद्ध दिलेली ही साक्ष मला मोलाची वाटते.

मराठीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. यशाच्या वेळी आपण लिहितो, ‘मी कुऱ्हाड रोवली’, ‘मी माथा गाठला’. चूक झाली की मात्र ‘पाय घसरला’, ‘बर्फ सुटला’, ‘हवा बिघडली’. ही वाक्ये निर्दोष मराठी आहेत. अडचण तीच आहे. घळ नरसाळ्यासारखी असते. वरून जे सुटते ते चढणाऱ्याच्याच वाटेने येते. वाऱ्याने आणून टाकलेला ताजा थर आणि माथ्यावर पुढे झुकलेला बर्फाचा सज्जा, म्हणजे कॉर्निस, या दोन्ही गोष्टींचा विचार तळाशीच करावा लागतो. तो न करता माणूस घळीत शिरला, तर ‘बर्फ सुटला’ हे वाक्य अर्धेच खरे. ‘मी शिरलो’ हे त्याच्या आधीचे वाक्य वगळलेले असते. अशी वर्णने वाचून पुढचा माणूस त्याच घळीत जातो, म्हणून ही केवळ शैलीची बाब नव्हे.

हे मी न्यायाधीशाच्या खुर्चीतून लिहीत नाही. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने मी एकदा एकटाच चढलो. तिथे बर्फ नव्हता, सुटे दगड होते. परतल्यावर लिहिलेल्या टिपणात एक वाक्य होते: ‘दगड निसटला आणि हात सोलवटला.’ अनेक वर्षे ते मला प्रामाणिक वाटत आले. मरे आणि पेटी वाचल्यावर टिपण पुन्हा काढले. तो दगड हलत असल्याचे मला आधीच कळले होते. उशीर झाला होता आणि मागे फिरण्याचा कंटाळा आला होता.

एकट्याच्या चढाईचे गद्य तपासताना मी आता शिखराच्या परिच्छेदापाशी थांबत नाही. लेखक कुठे मागे फिरला असता, हे त्याने सांगितले आहे का, ते शोधतो. माझ्या टिपणात ती जागा नव्हती. वाक्य मी दुरुस्त केले आहे: ‘हलणारा दगड मी धरला.’