गाठ काढली, दात आला. पण गाठ काढली म्हणून आला का?

ओडोंटोमा म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींपासून झालेली सौम्य गाठ, कॅन्सर नव्हे. तिच्यात इनॅमल, डेंटिन सगळं असतं, फक्त घडण चुकलेली. एका प्रकारात इवल्या इवल्या दातांसारखे तुकडे असतात, तो बहुतेकदा वरच्या जबड्यात पुढे सापडतो. दुसऱ्यात नुसता कठीण गोळा, तो जास्त करून खालच्या जबड्यात मागे. सहसा दुखत नाही. दुधाचा दात पडत नाही, कायमचा येत नाही, म्हणून एक्स-रे काढतात आणि अडकलेल्या दाताच्या वाटेत ही गाठ दिसते.

यावरचे केस रिपोर्ट मी ओळीने वाचले. निदानाचा भाग बहुतेक नेटका असतो: साधा एक्स-रे, गरज पडली तर कोन बीम सीटी, काढलेल्या गाठीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. घोळ होतो तो पुढे. एकाच शस्त्रक्रियेत गाठ काढतात, दात उघडा करतात, त्याला ब्रॅकेट चिकटवून साखळीने ओढतात. दात जागेवर येतो. आणि निष्कर्ष काय? 'गाठ काढल्याने दात आला.' अहो, तीन गोष्टी एकदम केल्यात, श्रेय एकीलाच कसं?

हा नुसता तर्काचा खेळ नाही. मुळाची वाढ अपुरी असेल आणि जागा असेल, तर गाठ काढल्यावर दात आपणहून येऊ शकतो. मग ओढायचं की वाट पाहायची? आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी हा फरक मोठा आहे. पण मूळ किती वाढलं होतं, हेच काही रिपोर्टांत लिहिलेलं नसतं. शेवटचा फोटो हसरा. मूळ झिजलं का, हिरडी टिकली का, यावर अवाक्षर नाही. शिवाय फसलेली केस छापायला पाठवतो कोण?

माझ्या पहिल्या मसुद्यात मीही लिहिलं होतं, 'गाठ काढणे परिणामकारक'. गाइडनी समासात एवढंच लिहिलं: 'कशाच्या तुलनेत?' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

केस रिपोर्ट टाकाऊ नाहीत. 'असं घडू शकतं' हे ते नक्की सांगतात. 'किती वेळा' आणि 'कशामुळे' हे मात्र त्यांना विचारू नका. तुमच्या रिव्ह्यूमध्ये एक तक्ता करा: वय, मुळाची अवस्था, काय काय केलं, किती महिने पाहिलं. जे रकाने रिकामे राहतील, तिथे तुमचा संशोधनाचा प्रश्न सापडेल.