ओवीची ओळ आणि मार्कडाउनची चौकट : शहापूर-मुरबाडच्या लोकगीत-संकलनाच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश : मार्कडाउन या साध्या लेखनपद्धतीतील मजकुराचे एचटीएमएल-खंडांत रूपांतर करताना मराठी पद्याची ओळ, मराठीची विभक्तिव्यवस्था व देवनागरी अंक यांचे काय होते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. रूपांतरणाचे नियम हे संपादनाचेच नियम असतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मार्कडाउन, एचटीएमएल-खंड, ओवी, संहितासंपादन, देवनागरी

प्रस्तावना

२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतरही शहापूर आणि मुरबाड हे तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. माहुलीचा परिसर, भातसा-तानसाचे खोरे आणि माळशेज-नाणेघाटाचा पायथा या पट्ट्यात ठाकूर, कातकरी व महादेव कोळी समाजांची वस्ती आहे. येथील मौखिक गीतांचे संकलन हा महाविद्यालयीन मराठी विभागांच्या क्षेत्रीय अभ्यासाचा स्वाभाविक विषय होय. असे संकलन आता संगणकावर होते आणि संकेतस्थळावरील तयार पानात बसविण्यासाठी त्याचे एचटीएमएल-खंड करावे लागतात. 'खंड' म्हणजे संपूर्ण पान नव्हे, तर दुसऱ्या पानात समाविष्ट होणारा मजकुराचा तुकडा.

या कार्याचा आवाका महाराष्ट्राला अपरिचित नाही. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने त्या प्रकाशित करण्यास प्रारंभ केला. तेथे ओवीबरोबर गाणारी स्त्री, तिचे गाव आणि तालुका यांचीही नोंद असते. ओवी आणि तिची नोंद यांची ताटातूट झाली, तर संकलनाचे अर्धे मोल जाते.

मार्कडाउनची भूमिका

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन मांडले. खुणा केलेला मजकूर रूपांतरणाशिवायही सहज वाचता यावा, हे त्यामागील तत्त्व. हे तत्त्व ग्रामीण महाविद्यालयाच्या दृष्टीने निश्चितच स्वागतार्ह आहे. साधी मजकूर-धारिका कोणत्याही संगणकावर उघडते आणि विशिष्ट कंपनीच्या आज्ञावलीवर अवलंबून राहत नाही. तथापि, या पद्धतीच्या मुळाशी इंग्रजी गद्याचा परिच्छेद गृहीत धरलेला आहे. मराठी संहितेच्या संदर्भात हे गृहीतक चार ठिकाणी अपुरे पडते.

पहिले ठिकाण ओळीचे. मार्कडाउनमध्ये लागोपाठच्या दोन ओळी एकाच परिच्छेदात विलीन होतात. ओळ तोडावयाची असल्यास तिच्या अखेरीस दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही लेखन-आज्ञावली धारिका जतन करताना त्या पुसूनही टाकतात. परिणामी दोन चरणांची ओवी गद्य वाक्य होऊन बसते. रिकाम्या ओळीनंतर पालुपद चार जागा आत सरकवून लिहिले, तर त्याला संगणकीय आज्ञांचा मजकूर समजले जाते.

दुसरे ठिकाण शब्दाच्या सीमेचे. २०१४ मध्ये पुढे आलेल्या कॉमनमार्क या प्रमाणित रूपात अक्षरांच्या मधोमध आलेली अधोरेषा ठशाची खूण मानली जात नाही. संगणकीय नावांतील अधोरेषा सुरक्षित राहाव्यात, हा त्यामागील हेतू. मराठीत मात्र विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात. म्हणून '_ययाती_तील' असे लिहिल्यास तिरपा ठसा न मिळता अधोरेषाच छापल्या जातात. '*ययाती*तील' हे रूप चालते; पण ग्रंथनाम अवतरणचिन्हांत घेऊन भोवती तारका दिल्या आणि लगेच प्रत्यय जोडला, की तेही फसते. इंग्रजीत षष्ठीपूर्वी येणारे लोपचिन्ह ही अडचण बहुधा उद्भवू देत नाही. येथे दोष लेखकाचा नसून नियमाने कल्पिलेल्या भाषेचा आहे.

तिसरे ठिकाण अंकांचे. क्रमवार यादीसाठी केवळ इंग्रजी वळणाचे अंक ग्राह्य आहेत. '१.', '२.' असे क्रमांक देऊन लागोपाठच्या ओळींत लिहिलेल्या दहा ओव्या यादी न होता एका परिच्छेदात कोंबल्या जातात. मुरबाड तालुक्यातून चढणाऱ्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात ब्राह्मी अंक कोरलेले आहेत. जगभर रूढ झालेले अंक आणि देवनागरी अंक ही दोन्ही वळणे त्याच परंपरेतून आली. नियमाने त्यांपैकी एकच ओळखावे, हे विसंगत होय.

चौथे ठिकाण खंडाचे. खंडाला पानाचे शीर्ष नसल्याने भाषेची नोंद त्याच्याबरोबर जात नाही. यजमान पान हिंदी वा इंग्रजी म्हणून नोंदलेले असल्यास २००९ च्या शासननिर्णयाने प्रमाण ठरविलेली 'ल' व 'श' यांची मराठी वळणे, टंकात उपलब्ध असूनही, दिसत नाहीत. शिवाय पायथन-मार्कडाउनची अनुक्रमणिका-सुविधा मूलतः देवनागरी शीर्षकातील सर्व अक्षरे गाळून केवळ क्रमांकाची ओळखखूण बनविते. असे अनेक खंड एका पानात आले, की ओळखखुणा सारख्या होऊन दुवे भलतीकडे जातात.

पर्यायाचे मूल्यमापन

जॉन मॅकफार्लेन यांचे पॅनडॉक (२००६) येथे अधिक उपयुक्त ठरते. ते मुळातच खंड देते. उभ्या रेषेने सुरू होणाऱ्या ओळी त्यात जशाच्या तशा टिकतात. तीन विसर्गचिन्हांसारख्या खुणांनी आखलेल्या विभागाला वर्ग आणि भाषा जोडता येते, तर ल्युआ भाषेतील गाळण्यांद्वारे त्या विभागाचे रूप महाविद्यालयाला स्वतः ठरविता येते. 'ओवी', 'पालुपद', 'गाव' असे वर्ग निश्चित केल्यास दृश्य रूप नंतर केव्हाही बदलता येईल. यादीचे अंक शैलीपत्रकातून देवनागरीत आणता येतात. मात्र या सोयी सर्व रूपांतरकांना समजत नाहीत. सोय वाढते तशी मूळ संहितेची सुवाह्यता घटते. त्यामुळे वापरलेल्या खुणांचे टिपण संकलनासोबत ठेवणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

१. रूपांतरण ही केवळ तांत्रिक क्रिया नाही. ओळ कोठे तुटते हे ठरविणारा नियम संहितेचा अर्थ घडवितो. म्हणून तो मराठी विभागाच्या संमतीनेच ठरावा.

२. प्रत्येक खंडावर भाषा, गाव आणि संकलन-क्रमांक यांची नोंद असावी. शीर्षकापासून आपोआप बनणाऱ्या ओळखखुणेवर विसंबू नये.

३. कातकरी वा ठाकरी बोलीतील गीत लिपिबद्ध होते तेव्हा पुढील वाचकाला बहुधा तेवढाच पुरावा उपलब्ध असतो. मूळ धारिका आणि ध्वनिमुद्रण जपले, तर सदोष खंड पुन्हा करता येतो. दोन चरण एक करून मूळ पुसले, तर गाणारीचा विराम परत आणता येत नाही.