कार्ल्याचें चैत्यगृह : नक्कल कीं कल्पना ?

कार्लें येथील चैत्यगृह म्हणजे लांकडी बांधणीची दगडांतील नक्कल, हें मत आतां इतकें रूढ झालें आहे कीं, तें तपासण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. फर्ग्युसन व बर्जेस यांनीं १८८० च्या आपल्या ग्रंथांत लेण्यांतील ही लांकूडकामाची परंपरा सविस्तर दाखविली, हें ऋण आम्हांस मान्य आहे. परंतु परंपरा दाखविणें निराळें आणि कर्त्यास नकलकार ठरविणें निराळें.

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस हा भेद नवा नाहीं. मूळांतील अशुद्धें जशींच्या तशीं उतरून घेणारा लेखक एक, आणि अर्थ जाणून लिहिणारा दुसरा. कार्ल्याचा स्थपति यांपैकीं कोण ?

आधीं इसवी सनापूर्वींचें भाज्याचें चैत्यगृह पाहावें. तेथील खांब आंत कललेले आहेत. लांकडी घरांत छपराचा रेटा बाहेर पडतो, म्हणून खांब कलते रोवणें सयुक्तिक. अखंड खडकांत रेटा कसला? तेथें जुना पाठ तसाच उतरला. पुढें इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत कार्ल्यास खांब सरळ उभे राहिले. निरुपयोगी तें स्थपतीनें ओळखून टाकलें. मात्र छतावरील सागवानी फासळ्या त्यानें टाकल्या नाहींत. त्या छतास पेलीत नाहींत. मग ठेवल्या कां? सुमारें १२४ फूट लांबीच्या त्या दालनांत उभें राहिलें कीं उत्तर मिळतें. नजर एकेका कमानीवरून सरकत स्तूपापर्यंत जाते, आणि डोंगराची पोकळी घर होते.

खांबांचेंही तसेंच. दोहों बाजूंचे १५-१५ खांब कुंभांवर उभे आहेत. माथ्यावर उलट्या कमळासारखी घंटाकृति आणि तीवर हत्ती व स्वार. वाळवी लागूं नये म्हणून लांकडी खांब मडक्यांत ठेवीत, त्याची ही आठवण, असें कित्येक म्हणतात. असेल, पण जलकुंभांतून देंठ वर यावा व टोकास कमळ असावें, ही सृष्टीची रीत त्या रचनेंत दिसते, ती वाळवीच्या भयानें सुचत नाहीं. स्तूपामागील ७ खांब साधे अष्टकोनी ठेवले आहेत. कोठें थांबावें हेंही कर्त्यास ठाऊक होतें.

दोष दाखवावयाचा तर तो दर्शनी भिंतीवर आहे. तेथें मागाहून कोरलेल्या बुद्धमूर्तींनीं जुनें वेदिकेचें काम कापलें. मूर्ति सुंदर आहेत. तरी तो प्रक्षेपच होय. अजिंठ्याच्या १९ व २६ व्या लेण्यांत तर फासळ्याही दगडांतच कोरल्या. काम अधिक नाजूक झालें, परंतु लांकूड व खडक यांचा संवाद तेथें संपला.

वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीच्या लेखांत कार्ल्याच्या या वास्तूस जंबुद्वीपांतील उत्तम शैलगृह म्हटलें आहे. ती बढाई आम्हांस आतां बढाई वाटत नाहीं. भाज्याच्या फासळ्यांवर ब्राह्मी अक्षरें सांपडलीं आहेत; म्हणजे हें लांकूड केवळ शोभेचें नसून लेखही आहे. जीर्ण पोथीचें पान आपण ज्या काळजीनें उचलतों, त्याच काळजीनें या फासळ्यांकडे पाहिलें पाहिजे, एवढेंच आमचें सांगणें आहे.