‘कोबाल्ट ब्लू’: एका घरातील दोन दुःखे

सचिन कुंडलकर यांची ही छोटी कादंबरी २००६ साली प्रसिद्ध झाली. तनय आणि अनुजा ही पुण्यातील मध्यमवर्गीय घरातील भावंडे. घरी राहावयास आलेल्या एकाच तरुण भाडेकरूवर दोघांचे प्रेम जडते. तो अनुजेला घेऊन निघून जातो आणि पुढे तिलाही सोडतो. कथानक एवढेच.

आमच्या मते पुस्तकाचे सामर्थ्य निवेदनाच्या विभागणीत आहे. पूर्वार्धात तनय त्या गेलेल्या सोबत्याला उद्देशून बोलतो. उत्तरार्ध ही अनुजेची रोजनिशी. वाचकाला दोन्ही दुःखे कळतात, घराला एकच. मुलगी पळून गेली तर बेअब्रू, समजूत, स्थळ हे शब्द समाजापाशी तयार असतात. तिच्यावर रागावता येते, तिच्यासाठी रडताही येते. मुलाच्या दुःखाला नावच नाही, म्हणून ते कोणास दिसत नाही. तो भाडेकरूच्या खोलीत तासन् तास असतो, याची कोणाला चिंता नाही. हा निर्धास्तपणा औदार्याचा नव्हे. पुरुषाचे मन स्त्रीवरच बसणार, हे इतके गृहीत आहे की संशयालाही जागा उरत नाही.

एकावेळी एकच जोडीदार, हाही नियम वाटतो तितका सनातन नाही. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी झाली ती १९४६ च्या कायद्याने, आणि देशभर १९५५ साली. केंद्र सरकारच्या सेवेतील वाचकांना १९६४ च्या वर्तणूक नियमांतील २१ वा नियम आठवेलच! तनयचे प्रेम मात्र कादंबरी आली तेव्हा गुन्ह्यातच जमा होते. कलम ३७७ ची ती धार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली काढली. समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे त्याच न्यायालयाने २०२३ साली नाकारले.

तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात मित्राची कहाणी बापू सांगतो, आणि शेवटी ती आत्मनाश करते. तनयला स्वतःचा आवाज आहे. हे अंतर लहान नव्हे.

एक उणीव मात्र आम्हांला जाणवली. बदलीच्या गावी परक्या घरांत राहिलेल्यांना ठाऊक आहे की, भाडेकरूला घर मालकाहून अधिक दिसते. येथील भाडेकरू दोघांवर प्रेम करतो, दोन्ही नियम मोडतो. त्याला लेखकाने नावही दिलेले नाही आणि बोलण्यास एक पानही दिलेले नाही. त्यामुळे तो माणसापेक्षा मोहच अधिक वाटतो.