कॅमेरा कोणाच्या हातात?



माहितीपट म्हटलं की आपली पोरं जांभया देतात. बाप सांगतो, पूर्वी थेटरात मेन पिक्चरच्या आधी सरकारी रीळ लागायची, ती संपेपर्यंत पब्लिक बाहेर विडी ओढायचं. रिळात धरण दिसायचं. त्यात बुडालेलं गाव क्वचितच.

मी समीक्षक नाही. सूतगिरणीत रात्रपाळी करतो. समाजमंदिरात चादर बांधून जे पाहिलं ते सांगतो.

आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’, १९८५. मुंबईतल्या झोपड्या पाडतात, त्याची फिल्म. त्यात एक बाई कॅमेऱ्यालाच झापते. गरिबांची चित्रं काढून तुमचं नाव होणार, आमचं काय होणार? पटवर्धननी हा तुकडा कापला नाही. कापला असता तर कुणाला कळलंही नसतं. माझ्या लेखी ती बाई या फिल्मची पहिली समीक्षक.

त्याच फिल्ममध्ये शाहीर विलास घोगरे गातो. पुढं ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. १० माणसं मेली. १५ जुलैला घोगरेनं गळफास घेतला. लाल झेंड्याखाली गाणारा शाहीर मरताना डोक्याला निळं फडकं बांधून गेला. का? हा प्रश्न घेऊन पटवर्धन १४ वर्षं फिरले. त्यातून ‘जय भीम कॉम्रेड’ झाला, २०११ साली. गोळीबाराचा हुकूम देणारा अधिकारी २००९ मध्ये दोषी ठरला, जन्मठेप झाली, आणि थोड्याच दिवसांत जामीनही झाला. फिल्म लांब आहे. पण आपली गाणी एवढा वेळ देऊन दुसरं कोण ऐकतं?

तरी भांडण आहेच. फिल्म संपली, दिवा लागला, तेव्हा शेजारची आत्या म्हणाली, “आपल्याला मारल्याबिगर आपली फिल्म निघत नाय का रं?” कुणाकडंच उत्तर नव्हतं. गाणारा दलित दिसतो, रडणारा दिसतो. रात्री दिव्याखाली वाचणारा, ग्रंथालय चालवणारा कमी दिसतो.

दुसऱ्याच्या कॅमेऱ्याची हीच अडचण. ‘रायटिंग विथ फायर’ (२०२१) बघा. उत्तर प्रदेशातल्या ‘खबर लहरिया’च्या दलित बाया मोबाइल घेऊन बातम्या काढतात. ही फिल्म ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. तेव्हा, २०२२ मध्ये, ‘खबर लहरिया’नंच जाहीर सांगितलं की यात आमची अर्धीच गोष्ट आलीय. ‘हमारा शहर’मधली बाई जे बोलली, तेच या बाया बोलल्या. फरक एवढाच की आता कॅमेरा त्यांच्याही हातात आहे.

आपल्यातल्या सोमनाथ वाघमारेनं भीमा कोरेगाववर फिल्म केली, २०१७ साली. तीही बघा. आपला आहे म्हणून सूट देऊ नका, तिच्याशीही भांडा.

म्हणून येत्या ११ जुलैला पुन्हा चादर बांधायची. म्हाताऱ्या बायांना पुढं बसवा. नंतर टाळ्या नकोत, बोलणं पाहिजे. त्या बोलतील ते फोनवर टिपून घ्या.

पण आधी त्यांना विचारा.