मराठी युद्धसाहित्यातील अनुपस्थित शिपाई

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. तिचे श्रेष्ठत्व आम्हांस मान्यच आहे. परंतु शीर्षक वाचून जो रणांगण शोधू जाईल, त्यास युरोपातून परतणारी बोट आणि तिच्यावरील निर्वासित ज्यू भेटतील. युद्ध क्षितिजापलीकडे आहे. मराठी साहित्याने महायुद्धे बहुतांशी अशी डेकवरूनच पाहिली, असे आमचे मत आहे.

शिपाई मात्र तेथे होता. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतील ओर्तोना शहरासाठी कॅनडाचे सैन्य घरोघर लढले, तेव्हा त्याच आघाडीवर शेजारी आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटण होती. कॅनडाच्या फार्ली मोवॅट या तेव्हाच्या तरुण अधिकाऱ्याने १९७९ साली त्या मोहिमेच्या आठवणी लिहिल्या. त्यांत पराक्रमापेक्षा भीतीला जागा अधिक आहे, आणि तेच पुस्तकाचे बळ.

आमच्या हाती काय आहे? सन्मानपत्रे. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात साथीदार पडल्यावर नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले. मॅगझिन बदलण्यास अवधी नव्हता, म्हणून बंदूक उलटी धरून लढले आणि तेथेच पडले. वय २२. आमची हयात सरकारी टिप्पण्या लिहिण्यात गेली. अशा मसुद्यात काय येते आणि काय गाळले जाते, हे आम्ही जाणतो. व्हिक्टोरिया क्रॉसचे दुसरे मानकरी नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर लढले आणि १९८४ पर्यंत जगले. एकोणचाळीस वर्षे! त्यांच्याजवळ बसून कोणी लिहून घेतलेली सविस्तर कहाणी आमच्या वाचनात नाही.

शिपाई लिहिणारा नव्हता, ही सबब आम्हांस पटत नाही. चंद्रधर शर्मा गुलेरींची ‘उसने कहा था’ ही १९१५ ची कथा आपण माळव्यातील मंडळींनी हिंदीच्या तासाला वाचलेली आहे. तिच्यात फ्रान्सचा खंदक आहे, चिखल आहे, थंडी आहे. गुलेरी संस्कृतचे पंडित. खंदकात ते कधी उतरले नव्हते. आपल्या बखरी लिहिणारे तरी बव्हंशी लेखणीचेच धनी होते.

उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. माधवराव शिंद्यांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘लॉयल्टी’ या रुग्णनौकेचे नाव अजून घेतले जाते. नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत तांग्याच्या किनाऱ्यावर गेलेल्या ग्वाल्हेर रायफल्सच्या शिपायांचे मात्र एकही नाव आमच्या कानी आलेले नाही. कोणाच्या ट्रंकेत त्या काळचे एखादे पत्र वा पेन्शनचा कागद असेल, तर त्याची नक्कल मंडळाकडे द्यावी.