गुन्ह्याचे नाव आणि कॅमेऱ्याची दृष्टी

पाळत-कॅमेरे बसविण्यापूर्वी त्या स्थळीच्या गुन्हेगारीचे मोजमाप करावे, हे तत्त्व आज सहसा कोणी नाकारीत नाही. परंतु मोजावयाचे ते नेमके काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो मुळात नामकरणाचा, म्हणजे एका अर्थी भाषेचा प्रश्न आहे. म्हणूनच मार्टिन गिल व अँजेला स्प्रिग्ज यांनी ब्रिटिश गृहखात्यासाठी सिद्ध केलेल्या २००५ च्या अहवालाचा परामर्श भाषाभ्यासकाने घेणे अप्रस्तुत ठरू नये.

नगरांचे मध्यवर्ती भाग, निवासी वसाहती, वाहनतळ अशा भिन्न स्थळी राबविलेल्या १३ योजनांची या अहवालात परीक्षा केलेली आहे. पैकी सहा ठिकाणी गुन्हे तुलनेने बरेच घटलेले आढळले. परंतु संख्याशास्त्राच्या कसोटीस केवळ दोन ठिकाणची घट उतरली, आणि त्यांतील एकीचे श्रेयही अन्य कारणांस देता येण्याजोगे होते. निधी उपलब्ध झाला म्हणून योजना आखावयाची, आणि तिने कोणता गुन्हा रोखावयाचा हे मागाहून पाहावयाचे, ही अनेक ठिकाणची रीत लेखकांनी निर्भीडपणे उघड केली, हा या अहवालाचा मोठाच गुण होय.

त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. वाहनचोरीसारख्या योजून केलेल्या गुन्ह्यांवर कॅमेऱ्याचा काही वचक बसतो. मद्याच्या अमलाखाली क्षणिक आवेगाने घडणाऱ्या मारामारीवर तो फारसा बसत नाही. ज्याला त्या क्षणी परिणामांचे भान नाही, त्याला पाहिले जाण्याचे भय कोठून असणार?

येथेच आमचा आक्षेप उद्भवतो. 'योजून केलेला' व 'आवेगाने केलेला' हा भेद पोलिसांच्या नोंदवहीत नसतो. तेथील नावे कायद्याची असतात. कायदा कृत्याला नाव देतो ते त्यातील अपराधाच्या स्वरूपावरून. कॅमेरा योजणाऱ्याला हवे असते ते स्थळ, वेळ व रीत यांवरून दिलेले नाव. नोंदींतील आकडे हे अपुरे माप आहे, हे लेखक जाणतात. पण ते केवळ संख्येने अपुरे नसून वर्गीकरणानेच वेगळ्या प्रयोजनाचे आहे, हा विचार त्यांनी शेवटास नेलेला नाही.

आपल्याकडील उदाहरणाने हे स्पष्ट होईल. रस्त्यावर गळ्यातील साखळी हिसकावणे या कृत्याची नोंद भारतीय दंडसंहितेखाली कधी 'चोरी', तर कधी 'जबरी चोरी' अशी होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ ने हिसकावून घेणे हा स्वतंत्र अपराध ठरविला. आता समजा, एखाद्या नगराने त्याच सुमारास कॅमेरे बसविले आणि मागील व पुढील वर्षांचे 'चोरी'चे आकडे शेजारी मांडले. साखळ्या पूर्वीइतक्याच गेल्या असल्या, तरी 'चोरी' घटलेली दिसू शकेल, आणि नावात झालेल्या बदलाचे श्रेय यंत्रास मिळेल!

तात्पर्य, यंत्रणेची आखणी करणाऱ्याने केवळ वार्षिक बेरजेवर विसंबू नये. प्रत्येक फिर्यादीचा मजकूर वाचून कृत्य कोठे, किती वाजता व कसे घडले, याची स्वतंत्र वर्गवारी त्याने करावी. हे काम कष्टाचे खरे. पण ते टाळले, तर सार्वजनिक पैसा खर्ची पडेल आणि ज्या गल्लीत भय आहे, तेथील भय तसेच राहील.